सावंतवाडीच्या दरबारात शहाण्णव पाने

आमची थोरली यंदा आठवीत गेली. सातवीचा निकाल घ्यायला शाळेत गेलो तेव्हा ड्रॉइंगच्या बाईंनी बाजूला बोलावून सांगितले, ‘हिचा हात चांगला आहे. एलिमेंटरीला बसवा. शाळा उघडली की फॉर्म भरायचा आहे.’ एलिमेंटरी म्हणजे शासनाची चित्रकलेची ग्रेड परीक्षा. ती आणि पुढची इंटरमिजिएट दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात, एवढे आम्हालाही माहीत होते. नको म्हणण्यासारखे त्यात काही नव्हते.

अडचण घरी आल्यावर निघाली. परीक्षेत वस्तुचित्र असते, संकल्पचित्र असते, भूमिती आणि अक्षरलेखन असते. शिवाय स्मरणचित्र असते. बाजार, बसस्टॉप, पावसात चाललेली माणसे, असे एखादे डोळ्यांसमोरचे दृश्य आठवून काढायचे. म्हणजे माणसे काढायची. आमच्या अम्मांनी हे ऐकले आणि हातातली तस्बीह थांबवून एवढेच म्हणाल्या, ‘फूल-पत्ते निकालने देव. आदमी नक्को.’

त्यांच्याशी वाद घालावा असे आम्हाला वाटले नाही. ज्या घरात तस्वीर असते तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या घराच्या भिंतींवर आयतुल कुर्सी आणि काबाशरीफचे चित्र सोडले तर दुसरे काही नाही. पण थोरलीच्या वह्यांची शेवटची पाने आम्ही पाहिली होती. त्यांत माणसे होती आणि एकाही माणसाला चेहरा नव्हता. कपडे, हात, पायातल्या चपला, डोक्यावरचा पदर, सगळे काढलेले. तोंडाच्या जागी मात्र कोरा गोल. तिने हा तोडगा स्वतःच काढला होता. कुणालाही न विचारता. ते कोरे गोल पाहून आम्हा दोघांनाही काही दिवस चैन पडले नाही.

फॉर्मचा विषय असा लोंबकळत असताना जूनच्या सुरुवातीला सावंतवाडीचे निमंत्रण आले. साडूंच्या मुलीचा निकाह होता. अम्मा, आम्ही दोघे, थोरली आणि धाकटा असे पाचजण मिरजेहून निघालो. कोल्हापूर, आजरा, आंबोली असा रस्ता. आजऱ्याच्या पुढे ढग खाली येऊ लागले आणि आंबोलीत तर रस्ताच दिसेना. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या जागांपैकी ही एक, आणि तिने आपले नाव राखले. धाकट्याला घाटात ओकारी झाली. ते वर्णन सोडून देतो. घाट उतरल्यावर मात्र सगळे बदलते. माती तांबडी होते, घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या होतात, फणस रस्त्यावर येऊन लटकतात. आमच्या भागातून येणाऱ्याला वाटते, आपण चार तासांत दुसऱ्या मुलखात आलो.

निकाह झाला, वलीमा झाला. तिसरा दिवस मोकळा होता आणि गाडी संध्याकाळची. साडू म्हणाले, ‘राजवाडा बघून या. आत गंजिफा रंगवतात.’ अम्मांना गंजिफा हा शब्द माहीत होता. ‘म्हणजे पत्तेच ना?’ त्यांनी विचारले. साडू गप्प बसले. तस्वीर आणि त्यात पुन्हा पत्ते! पण घरी एकटे बसण्यापेक्षा बरे, म्हणून त्या आल्या. त्या आल्या नसत्या तर हा लेख झाला नसता.

सावंतवाडी शहर मोती तलावाभोवती वसले आहे. तलाव 1874 मध्ये बांधून काढलेला, आणि त्याच्या काठावरच सावंत-भोसल्यांचा राजवाडा. राजवाडा म्हटल्यावर आपल्या मनात जे उभे राहते तसा हा नाही. जांभ्या दगडाची लाल, बैठी, झाडांत बुडालेली वास्तू. खेम सावंत तिसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1755 ते 1803 या काळात ती बांधली गेली. त्याआधी हे सावंत विजापूरच्या आदिलशाहीचे देसाई होते. आमची मिरजही आदिलशाहीतलीच. त्यामुळे मधल्या घाटाचे अंतर आम्हाला थोडे कमी वाटले.

दरबार हॉलमध्ये शिरलो. सिंहासन आहे, जुनी छायाचित्रे आहेत. आपण शाळेच्या सहलीत पाहतो तसेच सगळे. आणि त्याच दालनात खिडक्यांच्या उजेडाला टेबले मांडून काही माणसे मान खाली घालून रंगवत बसलेली. आम्ही गेलो तेव्हा चारजण होते, त्यांत दोन बाया. बाजूला काचेच्या कपाटांत तयार झालेले संच मांडलेले. म्हणजे कारखाना तोच आणि प्रदर्शनही तेच. मोठ्या शहरांतल्या कलादालनात चित्र भिंतीवर असते आणि चित्रकार कुठेतरी दुसरीकडे. इथे रंग ओला असतानाच आपण पाहतो. बोलायला फारसे कुणी बंदी करत नाही, फक्त टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही. धाकट्याला आम्ही दोन्ही हातांनी धरून ठेवला.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. आकार साधारण आपल्या जुन्या रुपयापेक्षा मोठा, तळहातात मावेल एवढा. हा खेळ इराणकडून मोगलांबरोबर हिंदुस्थानात आला असे मानतात. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफ्याचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातल्या गंजिफ्याचे वर्णन अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केले आहे. श्रीमंतांची पाने हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची असत. सामान्यांची कापडाची किंवा कागदाची. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात.

दरबारातून खेळ बाजारात उतरला तसा त्याचा धर्मही बदलला. ‘धर्म’ हा शब्द आम्ही हलकेच वापरतो आहोत. मोगल गंजिफ्यात आठ रंग आणि प्रत्येकी बारा पाने, म्हणजे 96. हिंदू घरांत त्याचाच दशावतारी गंजिफा झाला. दहा अवतार, प्रत्येकी बारा पाने, 120. नवग्रहांचा झाला 108 पानांचा. राशींचा झाला 144 पानांचा. हिशेब तोच. एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा. शहाच्या जागी विष्णू बसला आणि वजिराचा मात्र वजीरच राहिला. बंगालच्या विष्णुपूरला आणि ओडिशातही हे झाले, आणि तिथले चित्रकार आजही गंजिफा रंगवतात.

सावंतवाडीत हा खेळ कसा आला याची एक गोष्ट सांगतात. खेम सावंत तिसरे यांच्या दरबारी धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी तेलंगणाकडून पंडित आले होते. त्यांच्याकडून राजाने गंजिफ्याबद्दल ऐकले आणि इथल्या चितारी कारागिरांना तो करायला सांगितला. चितारी म्हणजे लाकूड आणि लाख यांत काम करणारे, देवळांची रंगकामे करणारे लोक. त्यांनी तो उचलला आणि आपल्या पद्धतीचा केला. चांगल्या, नक्षीदार किनारीच्या पानांना ‘दरबारी कलम’ म्हणत आणि किनार नसलेल्या साध्या पानांना ‘बाजार कलम’. ज्याच्या खिशात जेवढे, तेवढ्याचा खेळ.

मग छापील, चौकोनी, विलायती बावन्न पाने आली. स्वस्त, टिकाऊ, खिशात मावणारी. हाताने रंगवलेला संच विकत घेणारा गिऱ्हाईक राहिला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीतही ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर तेवढे तिचे जाणते उरले होते. संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी या म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली. राणीसाहेब बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. त्यांनी नुसता आश्रय दिला नाही, स्वतः ब्रश हातात धरला. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. 1971 मध्ये सावंतवाडी लॅकरवेअर्स ही संस्था सुरू झाली आणि राजवाड्याच्या दालनात गावातली मुले-मुली येऊन शिकू लागली. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, सत्वशीलादेवी 2018 मध्ये. टेबले अजून मांडलेली आहेत.

आता अम्मांकडे वळतो. त्या दाराजवळच्या बाकावर बसून राहिल्या होत्या. कपाटांत पहिल्याने दशावतारी संच होते. मासा, कासव, परशू, कमंडलू; मध्ये देव. अम्मांनी लांबूनच पाहिले आणि नजर वळवली. त्यात त्यांची चूक नाही. त्यांना ते दुसऱ्याच्या देवघरात डोकावल्यासारखे वाटले असावे. पण रंगवणाऱ्यांपैकी एका बाईंनी त्यांचा बुरखा पाहिला आणि हाक मारली, ‘आजी, इकडे या. तुमचा पण आहे.’

तो मोगल गंजिफा होता. मराठी मुलखात याला चंगकांचनी म्हणत. बाईंनी एक अर्धवट झालेला संच पुढे सरकवला आणि आठ रंगांची नावे सांगू लागल्या. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश. बाई अस्सल मालवणी. त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकताना आम्हाला मौज वाटली. घरात उर्दू बोलणारे आम्ही, आणि ‘किमाश’ म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला सांगितले. किमाश म्हणजे कापडचोपड, माल. चंग म्हणजे हार्पसारखे तंतुवाद्य. सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे, सफेद म्हणजे चांदीचे. बरात हा शब्द अम्मांना शब-ए-बरातमुळे माहीत होता. इथे तो सरकारी हुकूमनामा, खजिन्यावरची चिठ्ठी. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत ‘वरात’ म्हणून जो शब्द येतो तो हाच. लग्नाची वरात वेगळी.

खेळाचा एक नियम त्यांनी सांगितला तो अम्मांनी दोनदा विचारून घेतला. दिवसा खेळायला बसले तर सुर्खच्या राजापासून सुरुवात होते, म्हणजे सोन्यापासून, सूर्यापासून. रात्री बसले तर सफेदपासून, चांदीपासून, चंद्रापासून. ‘मग मगरिबला काय करतात?’ अम्मांनी विचारले. बाई हसल्या. म्हणाल्या, ‘तेव्हा तुम्ही नमाज पढायची, आम्ही दिवा लावायचा.’

थोरली तोपर्यंत टेबलाच्या कडेला टेकून उभी होती. तिचे लक्ष नियमांकडे नव्हते. ती बाईंच्या हाताकडे पाहत होती. शमशेरची सात पाती एका गोलात बसवायची होती. पहिली रेघ मारल्यावर गोल फिरवायचा, मनगट फिरवायचे नाही, हे तिने पाहून ओळखले आणि आम्हाला कुजबुजून सांगितले. बाईंनी ते ऐकले. एक रद्दी झालेला गोल कागद तिच्यापुढे ठेवला आणि हातात ब्रश दिला. अर्धा तास तरी ती तिथे वाकून होती. तिने आधी तलवार काढली ती वाकडी झाली, दुसरी जरा बरी. बाईंनी चूक दाखवली नाही, फक्त स्वतःचा गोल शेजारी सरकवून ठेवला.

अम्मा तेव्हा उठल्या, जवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवून एकेक पान डोळ्यांजवळ धरू लागल्या. ताजची पाने, नाण्यांची पाने, तलवारींची, गठ्ठ्यांची, वाद्यांची. मग हळूच म्हणाल्या, ‘इसमें तो आँखां नहीं हैं.’

त्यांचे बरोबर होते. नंतर गाडीत बसून आम्ही हिशेब केला. 96 पानांपैकी आठ राजे आणि आठ वजीर, म्हणजे 16 पानांवर माणसे. गुलामांच्या रंगाची उरलेली दहा पाने, त्यांवरही माणसे. ती सोडली तर 70 पानांवर एकही जीव नाही. मुकुट, नाणी, पाती, तारा, चिठ्ठ्या, कापड. एवढे असूनही पाने जिवंत वाटतात. हा हिशेब करून आम्ही काही फतवा मिळवला असे नाही. उरलेल्या 26 पानांचा प्रश्न होताच, आणि खेळाचाही होता. पैसे लावून खेळलेला कुठलाही खेळ हा जुगार आणि जुगार हराम, यात दोन मते नाहीत. पैसे न लावता खेळले तरी नमाज, काम आणि घरचे विसरायला लावणारा खेळ उलमांनी नापसंत केला आहे. अम्मांनी त्या बाईंना हे तोंडावर विचारले, ‘तुम्ही खेळता का?’ त्या म्हणाल्या, ‘खेळता येतो थोडा. वेळ कुठे आहे? रंगवून झाले की मान दुखते.’ आता गंजिफा खेळणारे फारसे कुणी राहिलेच नाहीत. घेणारे भेट म्हणून घेतात, संग्रहासाठी घेतात, चौकटीत लावतात. खेळ गेला, हात राहिला.

मग अम्मांनी दुसरा प्रश्न विचारला, तो आमच्या डोक्यातही आला नव्हता. ‘यात घर चालते का?’ बाई थोडा वेळ रंग ढवळत राहिल्या. म्हणाल्या, ‘नुसत्या यात नाही. नवऱ्याची नोकरी आहे. पण मी हे सोडणार नाही.’ संचाला आठवडेच्या आठवडे जातात आणि किंमत ऐकून येणारा मागे सरतो, असेही त्या म्हणाल्या. आम्हीही किंमत विचारून मागे सरलेल्यांपैकीच. त्याची थोडी लाज वाटली.

बाईंनी विचारले, ‘तुम्ही कुठले?’ मिरजेचे म्हटल्यावर त्यांनी लगेच चंगचे पान उचलून दाखवले. ‘म्हणजे हे तुमचे.’

आमचे म्हणजे खरेच आमचे. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. भोपळे वाळवलेले, टांगलेले, कापलेले. त्यांच्यातून तंबोरे आणि सतारी तयार होतात आणि देशभर जातात. हे काम करणारी बहुतेक घरे मुसलमानांची, मूळची शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार देणारे, हत्यारे घडवणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थाने शांत झाली, हत्यारांची मागणी संपली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्ये दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या वंशजांचे आडनावच सतारमेकर झाले. गंजिफ्याच्या भाषेत सांगायचे तर शमशेरचा रंग टाकून त्यांनी चंगचा रंग घेतला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले त्यामागे या कारागिरांचाही वाटा असावा, असे आम्हाला वाटते. गेल्या काही वर्षांत मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, सावंतवाडीच्या गंजिफ्यालाही मिळाले. म्हणजे दुसऱ्या गावच्या मालावर हे नाव लावता येणार नाही. मानांकनाने नक्कल थांबेल. गिऱ्हाईक येईलच असे नाही.

तर मुसलमान कारागीर देवळात वाजणारे तंबोरे करतात आणि चितारी ताज-शमशेर रंगवतात. दोघांनाही त्यात काही विशेष वाटत नाही. आम्हीच आपले बाहेरून जाऊन अचंबा करतो.

जुहरला बाजारातल्या मशिदीत गेलो. तिथे एक वयस्क मौलाना भेटले, साडूंच्या ओळखीचे. बोलता बोलता फॉर्मचा विषय त्यांच्या कानावर घातला. त्यांनी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. त्यांनी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची हदीस सांगितली. एक चित्रकार त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, माझी रोजी माझ्या हाताच्या या कामावर आहे. त्याला चित्रांबद्दलची कडक ताकीद ऐकवली गेली. त्याचा चेहरा उतरला तेव्हा हजरत म्हणाले, करायचेच असेल तर झाडे कर, ज्यात रूह नाही अशा वस्तू कर. मौलाना म्हणाले, ‘लोक या हदीसमधली ताकीद लक्षात ठेवतात, झाड विसरतात.’ हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांचा उल्लेखही त्यांनी केला आणि म्हणाले, मुलांच्या शिक्षणासाठी, कागदावरच्या चित्राबाबत उलमांत मतभेद आहेत, काही सख्त आहेत, काही सवलत देतात. तुमच्या गावच्या आलिमांना विचारा, आणि मुलीला घाबरवू नका. एवढे बोलून ते जमातीला उभे राहिले.

दुपारी मोती तलावाजवळ मासळी-भात आणि सोलकढी झाली. त्यानंतर चितार आळी. सावंतवाडीला येऊन या गल्लीत न गेलेला माणूस विरळा. दोन्ही बाजूंनी लाकडी खेळण्यांची दुकाने. पूर्वी पांगाऱ्याचे हलके लाकूड यासाठी वापरत. भोवरे, पाट, चौरंग, भातुकलीचे संच आणि लाकडाची फळे-भाज्या. केळी, आंबे, मिरच्या, वांगी, पेरू, सीताफळ, इतके हुबेहूब की धाकट्याने एक पेरू खरोखर चावला. दुकानदाराने पेरू पुसून परत ठेवला. आम्ही पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

या गल्लीत अम्मा बदलल्या. सकाळची नाखुशी कुठल्या कुठे गेली. त्यांच्या लहानपणी त्यांच्या मामूंनी असल्याच लाकडी जाते-चुलीची भातुकली आणून दिली होती, ती कित्येक वर्षे जपली होती आणि एका पावसात वाळवीने खाल्ली, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. एकेक फळ हातात घेऊन त्या रंग तपासत होत्या. हापूसचा देठाकडचा लालसरपणा कमी आहे, वांग्याचे काटे कुठे आहेत, मिरची फार गुळगुळीत आहे. दुकानदार तरुण होता, तो म्हणाला, ‘आजी, तुम्ही बसा इथे, मला शिकवा.’ शेवटी त्यांनी एक आंबा, एक वांगे आणि दोन मिरच्या घेतल्या. स्वतःच्या बटव्यातून. आम्हाला पैसे देऊ दिले नाहीत.

परतताना थोरली घाटभर गप्प होती. तिच्या वहीत तो गोल कागद ठेवलेला होता, वाकड्या शमशेरीचा. आंबोलीच्या वळणांवर तिने एकदाच विचारले, ‘राजवाड्यातल्या त्या बाईंना कुणी पहिल्यांदा ब्रश दिला असेल?’ ते विचारायचे राहिले होते.

फॉर्म भरला. आमच्या गावच्या आलिमांना विचारले. त्यांनी दोन मते सांगितली आणि आपले मत सख्त आहे हेही सांगितले. पण परीक्षेपुरते, शिक्षणापुरते म्हणून ते अडून बसले नाहीत. ड्रॉइंगच्या बाईंना आम्ही घरची अडचण मोकळेपणाने सांगितली. त्यांना राग येईल असे वाटले होते, तसे झाले नाही. स्मरणचित्रात माणसे पाठमोरी काढली तर चालतील का, असे विचारले. त्या म्हणाल्या, चालतील, पण सगळीच पाठमोरी असतील तर दृश्य ओढूनताणून केल्यासारखे दिसते. पाठमोरे दृश्य शोधले पाहिजे. थोरली सध्या ते शोधते आहे. एसटीच्या खिडकीशी लोंबकळलेली माणसे, सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर वाकलेला कारागीर, वलीम्याला देगीभोवती उभे राहिलेले लोक. जमातीत उभी असलेली सफही तिला सुचली होती, ती अम्मांनी नको म्हटली. यातून परीक्षेत किती गुण जातील ते कळत नाही. वहीतल्या मागच्या पानांवरचे कोरे गोल अजून आहेतच. त्यांचे काय करायचे हा प्रश्न सुटलेला नाही, आणि तिने तो आम्हाला विचारलेलाही नाही.

वस्तुचित्राचा सराव मात्र रोज असर ते मगरिब चालतो. खिडकीच्या फळीवर अम्मा स्वतः तांब्या ठेवतात, त्याच्यापुढे सावंतवाडीचा आंबा, वांगे आणि मिरच्या मांडतात. उजेड कुठून येतो ते पाहून मांडणी दोन-तीनदा बदलतात. मग तस्बीह घेऊन शेजारी बसतात आणि अधूनमधून कागदाकडे वाकून पाहतात. काल त्या थोरलीवर चिडल्या होत्या. म्हणत होत्या, वांग्याचा देठ असा नसतो, पुसून पुन्हा काढ.